करत नाहीत की करता येत नाही?

मोठं ऑपरेशन ठरलं की ‘फिटनेस आणा’ असं सांगितलं जातं आणि घरचे कागदांचा गठ्ठा घेऊन हजर होतात. ईसीजी, टू-डी एको, छातीचा एक्स-रे, साखर, क्रिएटिनिन. ऐंशीच्या आजींचे हे सगळे रिपोर्ट बरे येऊ शकतात आणि तरीही ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी त्यांना पलंगावरून आपलं आपण उठता येत नाही. रिपोर्ट एकेका अवयवाचा असतो. फ्रेलटी म्हणजे सगळ्यांचीच शिल्लक आटलेली असणं: रोजचं कसंबसं भागतं, पण वरून भार आला की काही पुरत नाही. वयाशी तिचा संबंध आहे, पण सत्तरीत खंगलेले आणि नव्वदीत दणकट, दोन्ही भेटतात.

घाईच्या ओपीडीत फ्रेलटी मोजायचं सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे क्लिनिकल फ्रेलटी स्केल. कॅनडातल्या केनेथ रॉकवुड यांच्या गटाने ती २००५ मध्ये मांडली. तेव्हा सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. पाच किंवा वर म्हणजे फ्रेल. माणूस आत्ता खाटेवर कसा दिसतो यावर गुण द्यायचे नाहीत, हे आजारपण सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी तो कसा होता यावर द्यायचे. इथे पहिली चूक होते. दुसरी चूक खास आपल्या घरांची. पाचव्या पायरीला पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधं, जड घरकाम यांत मदत लागते का ते बघतात. आपल्याकडे बँक मुलगा बघतो, गोळ्या सून काढून देते, स्वयंपाकघर कधीच हातातून गेलेलं. ठणठणीत आजीसुद्धा कागदावर पाच होते. उलट चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा सहा महिने खाली उतरलेले नाहीत, ‘गरजच काय’ म्हणून, आणि त्यांना तीन मिळतात.

म्हणून ‘करता का?’ विचारू नये. सून चार दिवस माहेरी गेली तर कुकर लावाल का? आंघोळीची बादली कोण उचलतं? जिन्यात मध्ये किती वेळा थांबता? इंडियन संडासातून उठताना नळ धरावा लागतो का? हे विचारायचं, आणि घरात सोबत राहणाऱ्यालाच विचारायचं. कोकणातून परळला उपचारांसाठी आलेल्या पेशंटबरोबर बऱ्याचदा मुंबईतला भाचा असतो. तो मनापासून सांगतो, पण त्याने मामांना गणपतीनंतर पाहिलेलंच नसतं.

मग चालवून बघायचं. जमिनीवर चार मीटरच्या दोन खुणा चिकटपट्टीने करायच्या आणि अलीकडे-पलीकडे एकेक मीटर मोकळा ठेवायचा, म्हणजे वेग धरण्याचा आणि थांबण्याचा वेळ मोजला जात नाही. रोजच्या चालीने दोनदा चालवायचं, त्यांतली कमी भरलेली वेळ धरायची. पाच सेकंदांहून जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आहे, चाल मंद. काठी चालेल, पण नातेवाइकाचा हात चालणार नाही. सैल स्लिपर, पायात येणारी साडी, ‘चला आजी, भरभर!’ असा मागून येणारा आवाज, यांतल्या कशानेही आकडा बिघडतो.

खुर्चीची चाचणी त्याहून सोपी: हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहणं आणि बसणं. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांत जोर नाही. प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते, तेव्हा ती भिंतीला टेकवा. गुडघे दुखत असतील तर त्यामुळेही वेळ वाढतो, तसं लिहून ठेवा. हाताच्या पकडीचं यंत्र असेल तर आशियाई निकषांनुसार पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली ती कमी धरतात.

वजन घटलंय का, याला बहुतेक वेळा ‘काय माहीत’ असंच उत्तर येतं, कारण घरात काटा नसतो. बांगड्या वर सरकतात का, पट्ट्याला नवं भोक पाडलं का, कवळी सैल झाली का, हे मात्र लगेच आठवतं. पायांवर सूज असेल तर काट्यावर विसंबू नका. आणि जाड माणूसही आतून स्नायू गेलेला असू शकतो.

स्मरणशक्तीसाठी तीन शब्द आणि घड्याळ काढायची मिनी-कॉग चाचणी तीन मिनिटांत होते, पण शाळा न पाहिलेल्या आजीला घड्याळ काढायला सांगणं अन्यायाचं आहे. अशांसाठीच हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासातून हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली. कानाचं यंत्र घरी राहिलं असेल तर कोणतीच चाचणी घेऊ नये.

फ्रेल निघाले म्हणून ऑपरेशन नाकारायचं नसतं. खुब्याचं हाड मोडलं असेल तर थांबण्यानेच जास्त नुकसान होतं. तिथे मोजमाप करायचं ते पुढची काळजी आखण्यासाठी. गुडघा बदलायचा असेल तर मात्र चार-सहा आठवडे हाताशी असतात. रोज खुर्चीतून उठ-बस, चालणं आणि वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. साठ किलोला हे ७२ ते ९० ग्रॅम होतात. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. वरण-भातावर हिशेब जुळतच नाही. दूध, पनीर, सोयाबीन, मासे वाढवावे लागतात, किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

तीन छोट्या चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र बहुतेकांना मिळतं आणि निम्मे जण त्यात फुंकर मारतात. श्वास आत ओढायचा असतो, तोही सावकाश, चेंडू वर तरंगत ठेवून. तिन्ही चेंडू झटक्यात उडवणं ही शर्यत नाही. ओपीडीत एकदा समोर करायला लावा.

औषधांच्या गोळ्यांचा अख्खा डबा मागवा. त्यात झोपेची अल्प्राझोलाम, सर्दीची क्लोरफेनिरामीन निघते. दोन्हींनी ऑपरेशननंतर वाताचा झटका, म्हणजे डिलिरियम, येण्याचा धोका वाढतो. वर्षानुवर्षं चाललेली झोपेची गोळी एकदम तोडली तरी तेच होतं, ती हळूहळू उतरवायची. आणि दाखल होताना घरचे चष्मा, कवळी, कानाचं यंत्र ‘हरवेल’ म्हणून कपाटात ठेवून येतात. ते नावाची चिठ्ठी लावलेल्या डबीत घालून बरोबरच आणायला सांगा.