जुन्या सायकली पुन्हा रस्त्यावर आणताना : आमची वाटचाल

जुन्या सायकली दुरुस्त करून त्या रोजच्या वापरायोग्य करणे, हा आमच्या कार्यशाळेचा एकमेव व्यवसाय आहे. सुरुवातीला आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक संग्राहक असत. त्यांना सायकल मूळ रंगात, मूळ बोधचिन्हासह दिवाणखान्यात उभी करायची असे. ते काम आम्ही मनापासून केले आणि त्यातून हातही बसला. परंतु जी सायकल कोणाला तरी रोज कामावर पोचवण्यासाठी घडवली गेली, तिने भिंतीला टेकून राहावे हे आम्हाला पटेना. म्हणून पुढे आम्ही ठरवले की, जी चालवली जाणार आहे तीच सायकल हाती घ्यायची. संग्राहकांची काही कामे त्यामुळे गेली, पण त्या निर्णयाने आमच्या कामाला निश्चित दिशा मिळाली.

हा आग्रह केवळ भावनेपोटी नाही. जॉन केम्प स्टार्ली यांनी 1885 मध्ये साखळीने मागचे चाक फिरवणारी रोव्हर सायकल आणली आणि 1888 मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला. तेव्हापासून सायकलीची मूळ मांडणी फारशी बदललेली नाही. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीची सायकल आजच्या रस्त्यावर परकी ठरत नाही. उलट मागे झुकलेली फ्रेम, चाकांमधील जास्त अंतर, ताठ बसता येणारे हँडल, रुंद मडगार्ड आणि पूर्ण चेनकव्हर या गोष्टी रोजच्या प्रवासासाठीच योजलेल्या होत्या. पोलादी फ्रेमचा गुण असा की, ती वाकली तर बहुधा सरळ करता येते आणि एखादी नळी निकामी झाली तर पितळी झाळकाम सोडवून दुसरी बसवता येते. याला अपवाद चिमट्याचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचा. चिमट्याला तडा दिसला, तर तो आम्ही दुरुस्त करत नाही, बदलतोच. ग्राहकाने कितीही गळ घातली तरी यात तडजोड होत नाही.

या कामातील कौशल्याची खरी परीक्षा कॉटर पिन घेते. जुन्या क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, मधल्या आसाला (एक्सलला) पाचरीसारख्या पिनेने आवळलेल्या असतात आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने ती पिन आतल्या आत धरून बसते. हातोडीने ठोकल्यास पिनेचे आटे वाकतात; त्याहून वाईट म्हणजे तो घाव एक्सलमधून छर्ऱ्यांवर उतरतो आणि छर्रे ज्यांत फिरतात त्या कपांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डे पडतात. यासाठी आम्ही आमच्याच कार्यशाळेत स्क्रूने दाब देणारा छोटा प्रेस तयार केला. नवी पिन बसवतानाही घाई चालत नाही. ब्रिटिश सायकलींना बहुधा 9.5 मिलिमीटरची पिन लागते, इतर काहींना 9 मिलिमीटरची, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या या फरकाने क्रँक ढिली राहते. पिनेचा सपाट भाग एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकेपर्यंत कानस मारावी लागते, दोन्ही बाजूंच्या पिना परस्परविरुद्ध दिशेने घालाव्या लागतात आणि थोडे अंतर चालवल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात.

टायरवर छापलेल्या इंचांवर आम्ही विसंबत नाही. ‘26 × 1 3/8’ या एकाच आकड्याखाली ब्रिटिश रिमचा व्यास 590 मिलिमीटर, तर श्विन कंपनीच्या जुन्या रिमचा 597 मिलिमीटर असतो आणि एकीचा टायर दुसरीवर नीट बसत नाही. म्हणून रिम मोजूनच टायर मागवला जातो.

मूळपणाशी आम्ही सर्वांत मोठी फारकत घेतो ती ब्रेकच्या बाबतीत. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम पावसात ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरत राहते आणि थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. रोज रहदारीतून जाणाऱ्या माणसाला असा धोका देणे आम्हाला योग्य वाटत नाही. कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या, ब्रेकच्या सायकलींना आम्ही त्याच मापाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिम सुचवतो. दांड्यांच्या ब्रेकमध्ये मात्र रबर रिमच्या आतल्या बाजूने दाबले जाते आणि रिमचा आकारच वेगळा असतो. तेथे पुढच्या चाकात ड्रम ब्रेकचा हब (चाकाचा मधला तुंबा, ज्याच्या आतच ब्रेक असतो) घालणे हा खात्रीचा उपाय ठरतो. काढलेले मूळ भाग तेल लावून, बांधून ग्राहकाच्या स्वाधीन केले जातात.

रंगाला आम्ही शक्यतो हात लावत नाही. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासणे कारागिराच्या प्रकृतीला घातक आहे, आणि झिजलेला मूळ रंग आम्हाला नव्या रंगाहून अधिक देखणा वाटतो.

आमच्या विशेष जिव्हाळ्याचा भाग म्हणजे स्टर्मी-आर्चर या ब्रिटिश कंपनीचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब. तो 1936 मध्ये आला. अनेक हबांच्या कवचावर निर्मितीचे वर्ष ठोकलेले असते, त्यामुळे सायकलीच्या वयाचा अंदाज येतो. मधला गिअर थेट चालतो, खालचा एक चतुर्थांशाने हलका होतो आणि वरचा एक तृतीयांशाने जड होतो. निकामी म्हणून आलेला हब उघडल्यावर पुष्कळदा आत केवळ गोंदासारखे घट्ट झालेले तेल सापडते. ते धुऊन पातळ तेल घातले की दात आणि त्यांत अडकणारे छोटे खटके पूर्ववत काम करू लागतात. केबल जुळवताना मधल्या गिअरमध्ये हबमधून बाहेर येणाऱ्या छोट्या साखळीला जोडलेल्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी समपातळीत आला पाहिजे, आणि तो उजव्या नटाच्या खिडकीतून दिसतो. ही जुळणी चुकली, तर जोर लावलेला असतानाच पॅडल एकाएकी रिकामे फिरते आणि चालवणारा पडू शकतो. म्हणून सायकल नेण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाला ही जुळणी आम्ही त्याच्या हाताने करायला लावतो. चढाच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी मागचे 18 दातांचे चक्र काढून 22 दातांचे बसवतो. एवढ्या बदलाने तिन्ही गिअर उपयोगी पडू लागतात.

सध्या आमची मुख्य अडचण सुट्या भागांची आहे. क्रँकच्या एक्सलचे कप बहुतेक ब्रिटिश सायकलींत इंचाला 24 आट्यांचे, तर रॅले या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या सायकलींत 26 आट्यांचे असतात, आणि हे दुसरे कप मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. चांगल्या फ्रेम केवळ त्यापायी पडून राहू नयेत, म्हणून आम्ही ते लेथवर कातून घेण्यास आणि छर्ऱ्यांच्या मार्गावर उष्णतेने कठीण करून घेण्यास सुरुवात केली आहे. पहिली जोडी आमच्या एका कारागिराच्या रोजच्या सायकलीत बसवली आहे. एक पावसाळा तिने नीट काढला, की ती ग्राहकांच्या सायकलींसाठी वापरू.