मालवणचं पाणी आणि पांढरे ठिपके : १२० अंशांचा लाइट पाण्यात ८० चा होतो

पाण्याखालच्या फोटोत लाइट गाळाच्या कणांवर पडला की पांढरे ठिपके उमटतात. ते टाळायचा मागच्या अपडेटमधला सेटअप असा : टीजी-६ हा ऑलिम्पसचा वॉटरप्रूफ कॅमेरा, तो बसवायचा ट्रे, ट्रेच्या आर्मवर लेन्सच्या दोन्ही बाजूंना २५ सेंटिमीटरवर लाइट, दोन्ही २० अंश बाहेर वळवलेले. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या उथळ खडकांवर पांढरे ठिपके खरंच कमी झाले, पण मासाही दिसेना. ३० सेंटिमीटरवरचा सार्जंट मेजर (पिवळसर, पट्टेदार मासा) राखाडी, अंधारामुळे ऑटो आयएसओ १६०० वर. आणि एडिटिंगमध्ये सावल्या उचलल्या की गाळाचा कण न् कण पुन्हा वर.

गोम आहे खोक्यावरच्या आकड्यात. ‘बीम १२० अंश’ हा हवेतला आकडा. लाइटची काच सपाट असेल तर पाण्यात शिरताना किरण आत वळतात : ६० अंशांचा अर्धकोन ४०-४१ वर येतो, म्हणजे पूर्ण झोत जेमतेम ८० अंश. काच घुमटाकार असेल तर एवढा फरक पडत नाही. बरेच विक्रेते हे लिहीत नाहीत. लुमेनचा आकडा मात्र ठळक छापतात.

आता हिशोब करून बघा. झोत १२० चा धरला तर २० अंश बाहेर वळवल्यावर त्याची आतली कड लेन्ससमोर ३० सेंटिमीटरवर पोचते. मासा उजळतो, मधलं पाणी अंधारात राहतं. पण झोत ८० चाच असेल, तर तीच कड जवळजवळ ७० सेंटिमीटरवर जाते आणि ३० वरचा मासा काळोखात. उपाय अगदी सोपा : लाइट सरळ समोर. अर्धकोन ४० असला की कड आपोआप ३० वर येते. मासा १५ वर आला तर आर्म १२-१३ सेंटिमीटरवर ओढा, कोनाला हात लावू नका. लाइट लेन्सच्या किंचित मागे ठेवा, नाहीतर काचेवर चमक येते.

खोक्यावर विसंबू नका, घरी मोजा. पाण्याच्या पिंपात लाइट पूर्ण बुडवून पिंपाच्याच भिंतीपासून २० सेंटिमीटरवर धरा. उजेडाचं वर्तुळ ३४ सेंटिमीटरच्या आसपास भरलं तर झोत ८० चा. ६९ भरलं तरच खरा १२०. पिंप तेवढं रुंद हवं.

बाकी अर्धी लढाई भरती-ओहोटीची. ओहोटीला खाडीचा गाळ बाहेर येतो, म्हणून भरती संपता संपता पाण्यात असावं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोळ्यांचा ठोकताळा. मालवणला भरती मुंबईच्या थोडी आधीच लागते. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारकडे, ऊनही छान, पण उधाणाच्या ओढीने तळ ढवळून निघतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढ-उतार कमी असतो तेव्हा, पाणी शांत, पण अष्टमीची भरती सकाळी सहाला, तेव्हा उजेडच नसतो. म्हणून एकादशी : भरती सव्वाआठच्या सुमारास आणि भांगाचा असर अजून टिकलेला. ऊन तिरपं असतं, ते लाइटने भरून निघतं. शिवाय पर्यटकांच्या बोटी तेव्हा कमी. त्या आल्या की पाव टाकला जातो. मासे घोळक्याने येतात आणि पावाचा चुराही. तो चुरा फोटोत कुठल्याही गाळापेक्षा वाईट दिसतो.

या सेटअपची पहिली खरी कमाई म्हणजे अंडी राखणारा सार्जंट मेजर नर. पिवळा रंग उतरून अंग निळसर काळपट, मागे खडकावर जांभळट अंड्यांचा पट्टा, आणि कॅमेऱ्यावर थेट चाल. आपण पुढे सरकायचंच नाही, तोच अंतर कापतो. दोन-चार फ्रेम घेऊन मागे फिरा. नर जागेवरून हलला की रॅस (wrasse) जातीचे मासे अंड्यांवर तुटून पडतात. बटरफ्लाय मासा मात्र अर्ध्या मीटरच्या आत येऊ देत नाही. त्याच्यासाठी लाइट बंद, ऊन पाठीशी आणि पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स, एवढंच.

पुढे आर्म ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढवायचा विचार होता. तो आता बाजूला. पिंपातल्या मोजणीत दुसरंच सुचलं : झोत आवळल्याने मधलं पाणी अंधारात राहत असेल, तर आणखी आवळू या. म्हणजे स्नूट. लाइटच्या तोंडावर बसणारा पीव्हीसी कपलर, पुढे २५ मिलिमीटरच्या पाइपचा ६ सेंटिमीटर तुकडा, आतून मॅट काळा रंग. बुडाशी समोरासमोर दोन भोकं हवीतच. आत हवेचा फुगा अडकला तर झोत वेडावाकडा फुटतो. लाइट पाण्यात गेल्यावरच चालू करा, पाइपमध्ये उष्णता कोंडते.

पोहत्या माशांवर स्नूट व्यर्थ. खडकाच्या बिळातून डोकं काढून बसणारी ब्लेनी ही छोटी मासळी हे त्याचं गिऱ्हाईक : मॅक्रो मोड, १० सेंटिमीटर अंतर, एकच लाइट, बाजूने. हात स्थिर ठेवायला आधार लागणार, पण प्रवाळावर बोटही टेकवायचं नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य. उघड्या खडकावर एक बोट, फिन वर. कपलर आणलाय, भोकं पाडायची बाकी आहेत.