सहा महिन्यांचा बिशप आणि त्याचा कारभारी

शनिवारी डोमजवळच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चजवळच्या, बाजारात बटाटे घेत होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारची जेवणं उरकून ती निवांत बसलेली. इकडची थंडी, माझी टोपी, बटाट्याचा भाव असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "मागे तो कोण उभा आहे रे? मघापासून बघतोय तुझ्याकडे."

मागे युस्टुस मोझरचा पुतळा होता. जर्मनीत ओस्नाब्रुकला येऊन मला तिसरं वर्ष चालू आहे आणि या पुतळ्याला सायकल टेकवून मी शंभरदा तरी बाजार केला असेन. "इथला कारभारी होता," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"सहा महिन्यांच्या बाळाचा."

आईला वाटलं, थट्टा करतोय. पण हे अक्षरशः खरं आहे. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध 1648 मध्ये मिटलं, तेव्हा तहाची निम्मी बोलणी याच गावात झाली. ओस्नाब्रुक हे तेव्हा एक छोटं राज्य होतं आणि तिथला बिशपच राजा असे. आता बिशप कॅथलिक असावा की प्रोटेस्टंट? तहात तोडगा निघाला तो आपल्या भाऊबंदकीत शोभेल असा: पाळीपाळीने. एक कॅथलिक, मग एक प्रोटेस्टंट, पुन्हा कॅथलिक. आणि प्रोटेस्टंटांची पाळी आली की माणूस हॅनोव्हरच्या घराण्यातलाच घ्यायचा. 1761 मध्ये कॅथलिक बिशप वारला. हॅनोव्हरच्या घराण्याचा प्रमुख तेव्हा कोण, तर इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज. त्याला ऑगस्ट 1763 मध्ये दुसरा मुलगा झाला, फ्रेडरिक, आणि फेब्रुवारी 1764 मध्ये ते तान्हं बाळ ओस्नाब्रुकचं बिशप म्हणून निवडून आलं.

"अगो बाई, म्हणजे सवाई माधवरावच की!" आई म्हणाली. शाळेत इतिहास शिकवण्यात तिची तीस वर्षं गेली आहेत. "आपला तर चाळीस दिवसांचा होता. मग हा तुमचा नाना फडणवीस."

तुलना मला आवडली, पण ती फार ताणता येत नाही. नानाला पेशव्यांच्या घरातल्याच राघोबाशी झुंजावं लागलं आणि राघोबाच्या पाठीशी कंपनीच्या फौजा होत्या. (वडगावला 1779 मध्ये त्या फौजांना आपण नमवलं तेव्हा इंग्लंडच्या गादीवर हाच तिसरा जॉर्ज होता. त्याचा मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि इकडचा बिशपच होता.) मोझरच्या वाट्याला असं नाट्य आलं नाही. त्याच्या वाट्याला आले कागद. कागदोपत्री त्याच्या वर दोन मंत्री होते आणि त्यांच्याही वर लंडनला बसलेले राजेसाहेब, पण वीस वर्षं राज्य चाललं ते या वकिलाच्या सल्ल्याने. गंमत अशी, की तो सरकारचा सल्लागार होता आणि त्याच वेळी सरकारशी भांडणाऱ्या सरदार-जमीनदारांचाही वकील होता. दोन्ही बाजूंची दप्तरं एकाच टेबलावर! आज कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी चौकशी लागेल.

मला मात्र मोझर भेटला तो जर्मनच्या वर्गात. बाईंनी एकदा जुन्या लेखांची शीर्षकं वाचायला दिली होती, वाक्य किती लांब जाऊ शकतं हे दाखवायला. मोझरने 1766 पासून गावात एक साप्ताहिक पत्रक चालवलं. धान्याचे भाव, लिलाव, सरकारी सूचना, आणि सोबत त्याचे स्वतःचे लेख. लेख कधी एखाद्या म्हाताऱ्या गृहिणीच्या नावाने, कधी आणखी कुणाच्या. पुढे त्याची मुलगी येनी हिने ते गोळा करून पुस्तक काढलं. पहिला भाग आला 1774 मध्ये आणि तरुण कवी गटे त्यावर इतका खूश झाला, की त्या वर्षअखेरीस वायमारच्या राजपुत्राशी पहिली भेट झाली तेव्हा बोलणं या पुस्तकावरच रंगलं. त्यातल्या एका लेखाचं शीर्षक साधारण असं: 'प्रजेने दरवर्षी हॉलंडला जाणे चांगले आहे काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देण्यात येते.'

हे वाचून मी सरसावून बसलो. प्रजेने परदेशी जाणे!

इथे शेत वाटलं जात नसे. सगळी जमीन एका वारसाकडे जायची. ज्याच्या वाट्याला काही येत नसे तो शेतकऱ्याकडून एक खोपटं आणि जमिनीचा तुकडा भाड्याने घ्यायचा आणि मालकाने हाक मारली की हातातलं टाकून त्याच्या शेतावर जायचा. या लोकांना इथे 'हॉयरलिंग' म्हणत. भाडं भागवायला रोख पैसा लागे. तो दोन ठिकाणांहून येई. एक म्हणजे घरी विणलेलं जाडंभरडं तागाचं कापड. ते अमेरिकेपर्यंत जाई, तिथल्या मळ्यांवरच्या गुलामांना त्याचेच कपडे देत, आणि इंग्रजीत त्या कापडाला आजही या गावाचंच नाव आहे. दुसरं म्हणजे हॉलंड. पुरुष खांद्यावर विळे टाकून चालत निघायचे, तिकडे गवत कापायचे, दलदलीतून पीट, म्हणजे जळणाची माती, खणायचे आणि आपल्या कापणीच्या आत परतायचे. तिकडचं खाणं महाग, म्हणून डुकराचं खारवलेलं मांस घरूनच पोत्यात भरून न्यायचे. माझ्या बॅगेतला मेतकुटाचा डबा वजनात बसवण्यासाठी मी विमानतळावर चपला काढून हातात घेतल्या होत्या, ते आठवलं.

माणसं तिकडे जाऊन आजारी पडतात, इथे मजूर मिळत नाहीत, ही कुरकुर तेव्हाही होती. मोझरने कारभाऱ्यासारखा हिशोब मांडला. बाहेरून येणाऱ्या पैशावर इथली खोपटी उभी आहेत, भाडी भरली जात आहेत. जाणं बंद केलंत तर ही माणसं इथे जगणार कशावर?

त्याला लगेच डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. याच राज्यात शेतकरी वेठबिगारीत बांधलेले होते. कूळ मेलं की घरातल्या चीजवस्तूंवर मालक हक्क सांगायचा. ही पद्धत एका झटक्यात मोडावी असं मोझरला वाटलं नाही. सगळ्यांना एकच कायदा लावणं स्वातंत्र्याला घातक, प्रत्येक गावाची रीत निराळी, असं तो म्हणे. युक्तिवाद हुशार आहे, पण जमीनदारांचा वकील तो करतो तेव्हा कान टवकारावे लागतात.

हे सगळं मी बटाट्याची पिशवी हातात धरून आईला सांगत होतो. बोटं गारठली होती. ती ऐकत होती, मग म्हणाली, "बायकांचं काय लिहिलंय त्याने? पुरुष गेले गवत कापायला. मागचं कोण बघत होतं?"

मी म्हटलं, वाचून सांगतो.

"आपल्याकडे काय निराळं होतं," ती म्हणाली आणि उठून आत गेली. फोन टेबलावर तसाच. मला नुसता पंखा दिसत होता. आजोबा परळच्या गिरणीत, आजी गुहागरकडे घरी. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपापुरतं कुपन असायचं. आजीने ती सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, हे मला माहीत होतं, पण कधी पाहिली नव्हती. आईने एक कॅमेऱ्यासमोर धरलं. जांभळी शाई, अर्धी उडालेली.

"रु. 40 पाठवीत आहे. लावणी आटोपली का कळवणे. बैल विकू नये."

"विकला होता," आई म्हणाली. "महिनाभर आधीच."