पोम द पँ म्हणजे सफरचंद नाही हं

ऑक्टोबरचा पहिला आठवडा असेल, लेक शाळेतून आली आणि बूट काढता काढताच म्हणाली, आई उद्या पाच पोम द पँ न्यायचेत. आता फ्रेंचमधे पोम म्हणजे सफरचंद एवढं मला पाठ झालं होतं, कारण सप्टेंबरभर घरात दुसरं काही नव्हतंच, पोम रूज म्हणजे लाल, पोम व्हेर्त म्हणजे हिरवं. पुढचं ते पँ काय असेल याचा फार विचार केला नाही, वाटलं मॅकिंटॉश वगैरे असते तशी एखादी जात असेल. पाच बऱ्यातली सफरचंदं धुऊन पुसून पिशवीत घातली आणि पाठवून दिली. संध्याकाळी कळलं की पोम द पँ म्हणजे पाइनच्या झाडाखाली पडलेली ती खवल्याखवल्यांची लाकडी बोंडं, पाइन कोन! बाकी पोरांनी पार्कातून फुकट गोळा करून आणलेली आणि आमचं ध्यान एक किलो सफरचंदं घेऊन वर्गात उभं.

पण मादामने (इथे फ्रेंच टीचरला सगळी मुलं मादामच म्हणतात) काय केलं, तर सफरचंद आडवं कापलं. आपण नेहमी देठाकडून उभं कापतो ना, तसं नाही, आडवं. मधे बियांच्या पाच घरांची चांदणी दिसते. एत्वाल! एत्वाल! म्हणून सगळा वर्ग ओरडला म्हणे, आणि त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे सफरचंद उभं कापायची बंदी होती.

हे सगळं 2024 च्या फॉलचं. आम्ही टोरोंटोत राहतो, इथे आमच्या स्कूल बोर्डात मूल ज्युनियर केजी इंग्लिशमधे करतं आणि फ्रेंच इमर्शन, म्हणजे शाळेत सगळं फ्रेंचमधूनच शिकायचं, असं पाहिजे असेल तर त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुमाराला ऑनलाइन अर्ज करायचा, मग सिनियर केजीपासून पूर्ण दिवस फ्रेंच. अर्जात काहीच कठीण नाही. कठीण आहे ते ठरवणं. मला फ्रेंच येत नाही, नवऱ्याला येत नाही, घरात मराठी, खाली प्ले एरियात इंग्लिश, आणि त्यात ही तिसरी भाषा. ठाण्याहून माझी आई फोनवर म्हणाली, अगं पोरीचं धेडगुजरी करून ठेवाल. तेव्हा मी थोडं वाचलं आणि एका गोष्टीने जरा धीर आला, की हा प्रकार मुळात फ्रेंच न बोलणाऱ्या घरांसाठीच निघालाय. 1965 मधे मॉन्ट्रियलजवळच्या सें लांबेर गावातल्या इंग्लिश बोलणाऱ्या पालकांनी मागे लागून असा पहिला केजीचा वर्ग सुरू करून घेतला आणि मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या वॉलेस लॅम्बर्ट यांच्या टीमने ती मुलं कित्येक वर्षं तपासली, त्यांचं इंग्लिश काही मागे पडलं नाही. म्हटलं ठीक आहे, टाकू अर्ज.

पहिला महिना मात्र जीव खालीवर. रोज विचारायचे आज काय शिकलीस, रोज एकच उत्तर, काही नाही, खेळलो. फ्रेंचचा एक शब्द तोंडातून बाहेर येईना. अख्खं पहिलं वाक्य आलं ते कुठलं, तर एस्क झ प आले ओ त्वालेत, म्हणजे टॉयलेटला जाऊ का. नंतर इतर आयांना विचारलं तर सगळ्यांकडे पहिलं वाक्य हेच! गरज पडली की भाषा येते, दुसरं काय.

मग हळूहळू कळायला लागलं की 'खेळलो' म्हणजे नक्की काय. मुलांना बाहेर नेतात, प्रत्येकाने पानं गोळा करायची, वर्गात आल्यावर रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे, मोठ्यापासून लहान असे ढीग लावायचे, पानावर कागद ठेवून वरून क्रेयॉन आडवा घासायचा की शिरा उमटतात. आणि हे चालू असताना मादाम एकच वाक्य पंचवीस वेळा म्हणते, हे पान लाल आहे, हे पान पिवळं आहे, ते हातात धरून, फ्रेंचमधे. भाषांतर करतच नाही. हातात पान असल्यावर भाषांतर हवंय कशाला? पानाला फय म्हणतात आणि कागदालाही फयच. लेकीला त्यात काहीच नवल वाटलं नाही, म्हणाली आपण पण पुस्तकाचं पान म्हणतोच की. मी चाट! मला हे कधी सुचलंच नसतं.

त्यात एक घोळ झाला. तिला घरून लाल पान न्यायचं होतं आणि आमच्या गल्लीत सगळी नॉर्वे मेपल, ती आपली पिवळीच होतात, तीही उशिरा. झेंड्यावर आहे तसं लाल पाहिजे म्हणून रडारड. शेवटी रविवारी हाय पार्कला गेलो, तिथे ओकची जुनी झाडं खूप, जमिनीवर एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या फळांचा, सडा पडलेला आणि खारींची धावपळ. लाल मेपल मिळालं एकदाचं, ते वहीत दाबून ठेवलं. खारीला फ्रेंचमधे एक्युरय म्हणतात, हा शब्द मला आजही नीट म्हणता येत नाही आणि घरात त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते.

उच्चारांवरून आठवलं. इंग्लिश बोलणारी मुलं फ्रेंचमधला त बोलताना ट कडे जातात, टेबलचा ट. आमची मात्र पहिल्या दिवसापासून सरळ तोमात, दांतच्या द ने दिमांश. कारण फ्रेंच त आणि द हे आपल्यासारखे दाताला जीभ लावूनच बोलतात. आणि नाकातले ते पँ, व्हँ, बों तर माझ्या सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगले येतात, त्या वेंगुर्ल्याच्या, नाकातून बोलणं त्यांना कोणी शिकवायला नको.

सासूबाई त्या वेळी आमच्याकडेच होत्या आणि खरं तर सगळा भोपळ्याचा महिना त्यांनीच गाजवला. शाळेत मोठ्या टबात पाणी घेऊन तरंगतं की बुडतं हा खेळ होता, फ्लोत की कूल. आधी मुलांनी अंदाज सांगायचा, मग वस्तू पाण्यात टाकायची. एकॉर्न, दगड, पान, आणि शेवटी अख्खा भोपळा, सित्रुय. एवढा जड म्हणजे बुडणारच असं जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, आमचीनेही. तो तरंगला. ही घरी येऊन केवढं आश्चर्य सांगतेय आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तरंगतलोच तो बाय, आम्ही सुको भोपळो पाठीक बांधून बावीत पेवाक शिकलंव." त्यांचा तो वेगळा, दुधीच्या जातीतला, पण आत पोकळ म्हणून तरंगतो हे तेच. दुसऱ्या दिवशी लेकीने ही गोष्ट अर्धी फ्रेंच, अर्धी इंग्लिश आणि उरलेली हातवाऱ्यांनी वर्गात सांगितली म्हणे.

आणि बिया! वर्गात भोपळा फोडून, सगळ्यांनी आत हात घालून (ईऽऽ करत) बिया काढल्या आणि दहादहाचे ढीग लावून मोजल्या. ही घरी आली ती वैतागून, मादामला मोजता येत नाही म्हणे. का गं? तर साठपर्यंत ठीक होतं, मग साठ-दहा म्हणाली, आणि मग चार-वीस! कात्र व्हँ. मला स्वतःला माहीत नव्हतं, मी फोनवर शोधायला लागले, तोवर सासूबाईंनी आतून आवाज दिला, "चार विसा म्हणजे ऐंशी गो, आमची आजी असोच हिशोब करी." बरोबर निघालं. शंभर वर्षांपूर्वीची वेंगुर्ल्याची आजी आणि फ्रेंच लोक एकाच पद्धतीने ऐंशी मोजतात हे कळल्यावर मी त्या फोनकडे नुसती बघत बसले. त्या रात्री जेवण झाल्यावर आजी-नातीने घरच्या भोपळ्याच्या बिया विसाविसांचे ढीग लावून मोजल्या, मग मीठ-हळद लावून भाजल्या, आणि मोजलेल्यातल्या निम्म्या ओव्हनमधे जायच्या आधीच कुठे गेल्या कोण जाणे.

त्या वर्षी दसरा 12 ऑक्टोबरला, शनिवारी आला आणि लगेच सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी. आपट्याची पानं इथे कुठून आणणार, दरवर्षी मी हिरव्या कागदाची कापते. या वेळी लेक म्हणाली कागद कशाला, गल्लीत पडलंय ना. अर्ध्यातच पिवळी झालेली नॉर्वे मेपलची पानं, ज्यांच्यावरून एवढं रडून झालं होतं तीच, निवडून आणली आणि बिल्डिंगमधल्या दोन मराठी घरांत सोनं म्हणून वाटली. उरलेली मंगळवारी शाळेत. मादामला दिलं तर तिने विचारलं हे काय, ही म्हणाली सोनं, आणि मग इंग्लिशमधे गोल्ड. मादामने शिकवलं, लोर. घरी येऊन मला म्हणते, आई, फय म्हणजे पान आणि लोर म्हणजे सोनं, आता पुढच्या वर्षी तू मादामला सगळं नीट समजावून सांग.

मी? कुठल्या भाषेत?

नोव्हेंबरमधे पहिला रिपोर्ट आला. केजीत मार्क नसतात, नुसती निरीक्षणं असतात, वर्गात मिसळते, निसर्गातल्या वस्तू निवडून ढीग लावते, सूचना समजतात, बोलायला सुरुवात करतेय. नवऱ्याने दोनदा वाचला आणि विचारलं, म्हणजे चांगलं की वाईट? मी म्हटलं चांगलं असावं. पाइन कोन अजून बुटांच्या खोक्यात आहेत, हाय पार्कहून नंतर पाचच्या ऐवजी तेवीस आणलेत, लेकीनेच मोजून.