धीर देणं बंद करायला शिकलो

माझ्या मुलीला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी (नको तो विचार सारखा येणं आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करणं), आहे हे ती नववीत असताना कळलं. त्याआधी घरात तिचं कौतुकच चालायचं. शाळेतून आली की दप्तर दाराबाहेर, कपडे थेट बादलीत आणि आधी अंघोळ. आमच्या आईला तर नात सोवळ्याची वाटायची. कोविडनंतरच्या दिवसांत सारखे हात धुणाऱ्या मुलीला आजारी कोण म्हणणार? गच्चीवरची टाकी सकाळीच रिकामी व्हायला लागली, तिच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी फाटून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे आम्ही हललो.

आधी ओळखीतून एका समुपदेशकांकडे गेलो. माणूस गोड. दीर्घ श्वास, सकारात्मक विचार आणि मनगटाला रबर बँड. घाणीचा विचार आला की तो ओढून सोडायचा. मुलगी तिथून हलकी होऊन यायची आणि संध्याकाळी दुप्पट हात धुवायची. ओसीडीत दाबलेला विचार आणखी जोरात उसळतो आणि दिलासा जेमतेम काही मिनिटं टिकतो, हे नंतर समजलं.

मग मानसोपचारतज्ज्ञांकडे. त्यांनी लहान मुलांसाठीची एक प्रमाणित प्रश्नावली घेतली, तिचे गुण 40 पैकी असतात. हिचे 26 आले, म्हणजे तीव्र. गोळी सुरू झाली, पण परिणाम दिसायला बरेच आठवडे जातील आणि गोळीसोबत ईआरपी, म्हणजे भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही अशी उपचारपद्धती, हवीच, असं त्यांनी बजावलं. त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. इथे एक सांगून ठेवतो: ‘काउन्सेलर’ अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. मी विचारला, मॅडमनी हसून दाखवला.

ईआरपीत बोलणं कमी आणि करणं जास्त. मुलीने स्वतःच्या भीतीची शिडी लिहायची, प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर गुण द्यायचे. दाराची कडी 20, चपलेचा तळ 45, सिटी बसचा दांडा धरून त्याच हाताने वडापाव 80, शाळेच्या स्वच्छतागृहाचा नळ 95. मग खालून सुरुवात. हात लावायचा आणि धुवायचा नाही. जीव कासावीस होतो, वाटतं हे वाढतच जाणार. पण न धुता बसलं की ते आपोआप उतरतं आणि पुढच्या वेळी थोडं लवकर उतरतं. मॅडम आधी स्वतः चपलेला हात लावायच्या. व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये लंडनमध्ये ही पद्धत वापरली, तेव्हा रुग्णाच्या खोलीतले नळच बंद ठेवले होते म्हणे. आता तसं करत नाहीत. नळ चालू असतो, पण तो न उघडायचा निर्णय रुग्णाचा. पंधरा वर्षांच्या मुलीला हे फार महत्त्वाचं होतं. शिडी तिची, क्रम तिचा. खोलीत ती काय बोलते ते आम्हाला कळणार नाही, जिवाला धोका असेल तरच सांगू, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी तिच्यासमोर आम्हाला ऐकवलं. बायकोला ते लागलं. मला बरं वाटलं.

खरी परीक्षा आमची होती. ‘बाबा, मी कडीला हात लावला, काही होणार नाही ना?’ हा प्रश्न दिवसभर यायचा आणि घरातला प्रत्येक जण ‘नाही गं राणी’ म्हणायचा. मॅडमचं म्हणणं, हे उत्तर म्हणजे आणखी एकदा हात धुणंच. त्याऐवजी म्हणायचं, ‘तुला त्रास होतोय हे दिसतंय, आणि तू तो सोसशील याची मला खात्री आहे.’ एवढंच. पुन्हा विचारलं तरी हेच. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी तर मुलांच्या चिंतेवर अशी पद्धत बसवली आहे की फक्त आईवडिलांनाच शिकवायचं, मूल खोलीत यायचीही गरज नाही. माझ्या मते आपल्या एकत्र कुटुंबांत खरी गरज याचीच आहे, कारण आई नाही म्हणाली की पोर आजीकडे जातं. आमची आई म्हणायची, ‘पोर रडतंय आणि तुम्ही दगडासारखे बसलाय!’ शेवटी तिलाही एकदा मॅडमसमोर बसवलं. मॅडमनी आजींना एक काम दिलं: नातीने विचारलं की तिच्याशी पत्ते खेळायचे. ते आईने चोख केलं.

या सगळ्या धुमश्चक्रीत धाकट्याकडे, सात वर्षांच्या मुलाकडे, कोणाचं लक्ष नव्हतं. तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला, वर्गात एकाला चावला. त्याला त्याच क्लिनिकमध्ये प्ले थेरपीला नेलं. वाळूचा ट्रे, बाहुल्या, भातुकली, डॉक्टरचा सेट. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1940 च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत पुढे मूल असतं. तिथल्या थेरपिस्ट बाई त्याला काही विचारत नाहीत, शिकवत नाहीत, तो करतोय ते शब्दांत म्हणतात: ‘ही बाहुली आत कोंडली गेली. बाहेर सगळे वाट बघतायत.’ आई म्हणाली, ‘वाळूत खेळायला एवढे पैसे? अंगणात फुकट खेळेल की.’ मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. बाईंनी आम्हाला एकच गृहपाठ दिला: रोज अर्धा तास फक्त त्याच्याबरोबर, आणि त्या वेळात ताईचा विषय काढायचा नाही. अंथरूण कोरडं व्हायला वेळ लागला, चावणं मात्र लवकर थांबलं.

मॅडमनी मलाही सोडलं नाही. मी चिडचिडा झालो होतो, झोप उडाली होती. माझ्यासाठी आरईबीटी, म्हणजे आपल्या धारणा तपासून बदलायची विवेकनिष्ठ पद्धत. अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात ती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली, त्यामुळे मराठीत यावर वाचायला भरपूर मिळतं. मुलगी रडते ही घटना. ‘बाप म्हणून मला हे सहनच होणार नाही’ ही माझी धारणा. धावत जाऊन धीर देणं, हा परिणाम. मॅडम वकिलासारख्या उलटतपासणी घ्यायच्या: ‘सहन होत नाही म्हणजे नेमकं काय होतं? परवा झालं ना सहन?’ मला वाद घालायला आवडतं, मला हे मानवलं. बायकोला अजिबात नाही; तिला रुग्णांच्या नातेवाइकांच्या गटात बसून जास्त बरं वाटलं.

पैशांचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच स्थान हवं. पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे सगळं खिशातून गेलं. एका वाईट रात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन केला. तो फुकट आहे, मराठीतही बोलतात. सल्ला साधाच होता, पण त्या वेळी पुरला.

मुलगी आता अकरावीत आहे. प्रश्नावलीत 11 गुण आले, गोळी डॉक्टर इतक्यात बंद करणार नाहीत, मॅडमकडे महिन्यातून एकदा जाणं होतं. दहावीच्या तोंडावर हात धुणं पुन्हा वाढलं होतं, तेव्हा मॅडमना न विचारता तिने स्वतःच नवी शिडी लिहून काढली. सध्या तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधला टॉवेल आहे. तो मी पाहिला आहे. त्याला हात लावायला मीही दोनदा विचार करीन.