पाणी न दाखवणारं यंत्र

आज सासवडजवळच्या शेतात मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, घेऊन बोअरच्या जागेसाठी दिवसभर तंगडतोड. दर पाच मीटरला थांबायचं, आकडा टिपायचा. खिशात किल्ली नको, मोबाइल नको, कमरेला बकलवाला पट्टाही नको. एका हाताने पँट सावरत संशोधन!

४२-४३ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास घुटमळणारा आकडा ओढ्याजवळ एकदम उसळला. वाटलं, सापडला डाइक, खडकाच्या भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत! बघतो तर गवतात गंजका लोखंडी पाइप.

शेतमालक आजोबा म्हणाले, "आमचा पाणाड्या एका नारळात काम उरकतो."

खरं तर या यंत्राला पाणी दिसतच नाही. दिसतो तो बेसाल्ट चिरत गेलेला डाइक, त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे. डाइक भेगाळलेला असला तर पाणी वाहून नेतो, घट्ट असला तर अडवतो.

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "बरं, मग बोअर कुठं मारायचा?"

उद्या रेझिस्टिव्हिटी लावून, म्हणजे जमिनीचा विद्युतरोध मोजून, सांगतो म्हटलं.