सांगली उभी वाढावी की आडवी?

‘सांगलीत वीस-वीस मजली टॉवर केव्हा होणार?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, तसा सातबारा टेबलावर ठेवूनही विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा शहराची दाटी आणि शहराची उंची यांना एकच मानलेले असते. तीस वर्षे इथे घरे बांधल्यावर माझे उत्तर असे आहे, की सांगलीला दाटी हवी, तीही लवकर. उंचीवाचून तिचे फारसे अडत नाही.

आधी हिशेब पाहू. गुंठा 1089 चौरस फुटांचा आणि एकर 40 गुंठ्यांचा. एक एकर उसाचे रान घेतले, त्यातला तिसरा हिस्सा रस्त्यांना व मोकळ्या जागेला सोडला आणि उरलेल्यात गुंठ्यागुंठ्याची घरे बांधली, तर 26 घरे होतात. घरटी चार माणसे धरली तर वस्ती शंभराच्या आसपास. त्याच एकरावर केवळ 40 टक्के जमीन इमारतीखाली घेतली, तळ मोकळा ठेवून वर चार मजले चढवले आणि जिने, भिंती, व्हरांडे यांना पाचवा हिस्सा दिला, तरी 700 चौरस फुटांची सुमारे 80 घरे बसतात. वस्ती तिप्पट होते, आणि रस्ते धरून 60 टक्के जमीन आभाळाखाली राहते.

सांगलीभोवती मात्र पहिलेच चित्र पसरले. शेतजमिनीचे तुकडे विकले गेले, घरे आधी उभी राहिली आणि रस्ते, गटारे, नळ यांचा शोध मागाहून सुरू झाला. राज्यभर हा प्रकार इतका वाढला की 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या घरमालकांना मी दोष देत नाही, कारण त्यांना परवडेल अशी जमीन तेवढीच होती. पण या पसरण्यात ओढे बुजले, पाण्याच्या वाटा असलेले सखल ओत भरावाखाली गेले, आणि आता साध्या पावसातही शामरावनगरासारख्या भागात पाणी हटता हटत नाही.

दाटी साधण्याची दुसरी रीत आपल्याला नवी नाही. केंब्रिजमध्ये लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी 1960च्या दशकात गणिताने दाखवले, की प्लॉटच्या मधोमध मनोरा उभारण्याऐवजी इमारत कडेकडेने फिरवून मध्ये चौक ठेवला, तर तेवढेच चटईक्षेत्र, म्हणजे सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम, पुष्कळ कमी उंचीत बसते. चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरला लहान लहान चौकांभोवती बैठी व दुमजली घरे रचून हेक्टरी सुमारे 500 माणसांची वस्ती बसवली. वाड्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. अर्थात वाड्याचे गोडवे गाताना त्यातल्या मागच्या अंधाऱ्या खोल्याही आठवाव्यात. दहा फुटी चौकाभोवती चार मजले चढवले तर त्याची विहीर होते. म्हणून चौकाची रुंदी निदान इमारतीच्या उंचीइतकी असावी, यावर मी अडून बसते, आणि त्यापायी काही कामे गमावलीही आहेत.

उंचीबद्दलचा माझा उत्साह ओसरला तो 2019च्या ऑगस्टमध्ये. काही वर्षांपूर्वी मी गावभागाजवळ पाच मजली इमारत केली होती. 2005च्या पुराची खूण पाहून जोते वर घेतले होते, आणि मला त्याचा अभिमानही होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वेळी पाणी 57 फुटांवर गेले. इमारतीला काही झाले नाही. पण मीटरबोर्ड आणि पाण्याचा पंप मी तळमजल्यावर ठेवले होते, ते पहिल्याच दिवशी बुडाले. वरच्या मजल्यावरच्या आजींचे घर कोरडे ठणठणीत होते, परंतु नळाला पाणी नव्हते, लिफ्ट बंद होती, संडासात टाकायला बादलीभर पाणीही उरले नव्हते. शेवटी त्यांना होडीतूनच बाहेर काढावे लागले. इमारत जितकी उंच, तितकी ती विजेच्या तारेवर टांगलेली असते, हे मी पुस्तकात वाचले होते; त्या आठवड्यात आजींच्या दारात उभी राहून पाहिले.

उंचीची किंमत एरवीही मोजावीच लागते. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वजन वाढले की पाया खोल न्यावा लागतो, म्हणजे सिमेंट आणि लोखंडही वाढते. जगभरात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटनिर्मितीतून येतो. सौर पॅनेल लावून टॉवरला हिरवा म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

म्हणून दाटी कुठे, हा प्रश्न मला मजल्यांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. निळ्या रेषेच्या आत नदीलाच राहू द्यावे. विश्रामबागेपासून मिरजेकडे जाणारी उंचावरची जमीन मात्र बंगल्यांत वाया घालवू नये. तिथे चार-पाच मजली, चौकाची घरे दाटीने हवीत, म्हणजे बसही भरून धावेल आणि नळाची लांबीही घटेल.

मोकळा ठेवलेला तळ टिकवणे हे याहून अवघड काम आहे. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींत इमारतीखालचा तळ मोकळा सोडतात. तिथे म्हातारी माणसे बसतात, लग्ने लागतात, अंत्यविधीची माणसेही जमतात. आपल्याकडे त्या जागेचे दोन वर्षांत दुकानगाळे होतात. परवा एका जमीनमालकांनी नकाशा पाहून विचारलेच, ‘मॅडम, खालची जागा अशीच सोडायची?’ मी होय म्हटले आणि मीटरची खोली पहिल्या मजल्यावर कुठे घेतली आहे, ते त्यांना दाखवले. ते अजून विचार करत आहेत.